अण्णा विसरतात, की त्यांच्यापर्यंत पोचतच नाही?

“घरात आम्हीच असलो की अण्णा छान बोलतात. चार माणसं जमली की विचारावं एक आणि उत्तर यावं भलतंच. नंतर विचारलं तर काही आठवत नाही. डिमेन्शिया सुरू झालाय का हो?”

कान तपासणं आणि मग घरच्यांशी बसून बोलणं हे माझं रोजचं काम. हा प्रश्न मला सारखा विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या पोटात गोळा आलेला असतो. इचलकरंजीच्या एका कुटुंबाबरोबर या प्रश्नावर काम केलं, ते त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून इथे मांडते.

अण्णा ६८ वर्षांचे. उमेदीची सगळी वर्षं यंत्रमागाच्या शेडमध्ये जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारा कारागीर, म्हणून काम करण्यात गेली. बरोबर काकू आणि नोकरी करणारी मुलगी. निमित्त झालं भाच्याच्या साखरपुड्याचं. कार्यालयात स्पीकरवर सनई, पोरांची पळापळ, बाजूला पंगत. होणाऱ्या व्याह्यांनी अण्णांना विचारलं, “तारीख कुठली धरूया?” अण्णा म्हणाले, “हो हो, आत्ताच जेवलो.” सगळे हसले, मुलगी मात्र गप्प झाली. लग्नाचा खर्च कसा वाटून घ्यायचा हेही त्याच बैठकीत ठरलं होतं. अण्णा तिथे बसून मान डोलावत होते, पण दोन दिवसांनी त्यातलं अक्षरही त्यांना सांगता येईना.

काकूंचं म्हणणं निराळं. “ह्यांना ऐकायचं तेवढं बरोब्बर ऐकू येतं. मी स्वयंपाकघरातून बहिणीशी फोनवर बोलले तरी बाहेरून उत्तर देतात!”

आधी डॉक्टरांकडून कानातला मळ काढून घेतला, मग श्रवणचाचणी केली. जाड, खालच्या पट्टीतले आवाज अण्णांना जवळजवळ नीट ऐकू येत होते. वरच्या पट्टीत, ३००० ते ४००० हर्ट्झच्या भागात, मात्र आलेख ५५-६० डेसिबलपर्यंत घसरला होता, म्हणजे तिथला आवाज बराच मोठा केल्याशिवाय त्यांना ऐकू येत नव्हता. वय आणि मागाचा खडखडाट, दोन्हींचा हा परिणाम. आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या ज्या केसपेशी एकदा जातात त्या परत उगवत नाहीत. आता बोलण्यातला मोठा, भरीव आवाज असतो स्वरांचा, तो खालच्या पट्टीत. स, श, फ, थ यांसारखी व्यंजनं बारीक आवाजाची, वरच्या पट्टीतली. म्हणून अण्णांना आवाज येतो, पण शब्दांना भोकं पडलेली असतात. “जोरात बोलू नका, मला ऐकू येतंय,” असं ते चिडून म्हणतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात.

शांत खोलीत २५ शब्दांपैकी २३ शब्द त्यांनी अचूक म्हणून दाखवले. नुसत्या या आकड्यावर थांबलं तर ‘वयाच्या मानाने ठीक आहे’ असा शेरा मिळाला असता, आणि अनेकांना तो मिळतोच. मागे माणसांच्या बोलण्याचा गलका लावून वेगळ्या शब्दांची तशीच यादी ऐकवली, तेव्हा बरोबर आले ११.

यानंतर मी जे केलं ते मुलीला समोर बसवून केलं. अण्णांना पाच छोटी वाक्यं ऐकवायची, प्रत्येक वाक्य त्यांनी म्हणायचं, आणि शेवटी पाचही वाक्यांतले शेवटचे शब्द आठवून सांगायचे. शांततेत त्यांना चार आठवले. मग मागे गलका लावला, पण इतकाच की प्रत्येक वाक्य त्यांना कळावं. पाचही वाक्यं त्यांनी बरोबर म्हटली. शेवटचे शब्द आठवले दोन.

मुलगी म्हणाली, “बघा ना, हेच होतं. आत्ता म्हटलं आणि आत्ता विसरले.” मी हेडफोन तिच्या कानाला लावले. तिचे कान उत्तम, म्हणून गलका वाढवला, तिला कान टवकारून ऐकावं लागेल इतका. तिनेही पाचही वाक्यं म्हटली. शब्द आठवले तीन, आणि त्यातला एक तिच्या मनाचा होता. हेडफोन काढून ती थोडा वेळ वडिलांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “दमायला होतं हो.”

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक रॅबिट यांनी १९६८ मध्ये हेच दाखवलं होतं. गोंगाटात ऐकलेले आकडे माणसं बरोबर ओळखतात, तरी नंतर कमी आठवतात. आत्ता ऐकलेलं क्षणभर धरून ठेवायचं, त्याचा अर्थ लावायचा आणि पुढे साठवायला द्यायचं, हे काम कार्यकारी स्मृती करते. तिची जागा छोट्या ओट्यासारखी. अर्ध्या ओट्यावर भाजी निवडायला पसरली की पोळ्या लाटायला जागा कुठून आणायची? अर्धवट ऐकू आलेला शब्द ओळखण्यातच ती जागा भरली, तर वाक्य साठवलं जात नाही. साखरपुड्याची बैठक अण्णा विसरले असं घरचे म्हणत होते. माझ्या मते ती त्यांच्या स्मरणात कधी गेलीच नव्हती.

वयाचाही यात वाटा आहे. साठीनंतर एका आवाजावर लक्ष धरून दुसरे बाजूला सारणं आणि वेगाने बोललेल्याचा अर्थ लावणं हळूहळू जड जातं. शब्दसंपत्ती आणि अनुभव मात्र टिकतात. त्यामुळे वयस्कर माणूस गाळलेल्या जागा अंदाजाने भरतो, आणि फार चांगल्या भरतो. कार्यालयात दहातले नऊ जण काय विचारतात? “जेवलात का?” अण्णांच्या मेंदूने त्या जागेला शोभेल असाच अंदाज बांधला, फक्त या वेळी प्रश्न दुसरा निघाला. अंदाज चुकला म्हणून बुद्धी गेली असं कुणी म्हणू नये. हे मी मुलीला सांगत होते तेव्हा अण्णांनी पहिल्यांदा मान वर केली.

काकूंच्या तक्रारीचंही उत्तर त्याच दिवशी दिलं, कारण हा आरोप घरोघरी होतो आणि माणसाला आतून मोडतो. दुपारचं शांत घर, विषय बहिणीचा, आणि आवाज चाळीस वर्षांच्या ओळखीचा. कॅनडातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की दुसरा माणूस एकाच वेळी बोलत असतानाही आपल्या जोडीदाराचं बोलणं अनोळखी माणसापेक्षा चांगलं कळतं. तुमचा आवाज त्यांना पाठ आहे, असं मी काकूंना म्हटलं. त्या लाजल्या, पण त्या दिवसानंतर ‘ऐकायचं तेवढं’ हे शब्द बंद झाले, असं मुलीने सांगितलं.

कानाच्या मशीनचा, म्हणजे श्रवणयंत्राचा, विषय निघाला की खर्चामुळे “एकाच कानाला घालू” असं बहुतेक जण म्हणतात. आवाज कुठून येतोय हे मेंदू दोन्ही कानांतला फरक बघून ठरवतो, आणि त्याच्या मदतीने गलक्यातून हवा तो आवाज वेगळा काढतो. दोन्ही कानांची श्रवणशक्ती कमी असेल तर गर्दीत एका मशीनचा उपयोग तोकडा पडतो. दोन मशीनं लावूनही लग्नाचं कार्यालय दिवाणखान्यासारखं होत नाही, हे मी आधीच सांगून टाकते. समोरचा माणूस चार-सहा फुटांत असेल तरच खरा फायदा होतो. शिवाय सुरुवातीचे काही आठवडे भांड्यांचा, पंख्याचा, कागदाचा आवाज नकोसा होतो. अनेकांची मशीनं याच काळात कपाटात जातात. अण्णांना पहिले दिवस फक्त घरात, नंतर दुकानात, मग चार माणसांत असं वाढवत नेलं.

घरच्यांना सांगितलं ते साधंच होतं. आधी हाक मारा, त्यांनी बघितलं की बोला. अण्णा वर्षानुवर्षं मागाच्या आवाजात ओठ बघून बोलणं समजून घेत आले होते, त्यामुळे चेहरा दिसला की त्यांचं निम्मं काम होतं. कळलं नाही तर तेच वाक्य ओरडून सांगू नका, वेगळ्या शब्दांत सांगा. टीव्ही बंद करा. महत्त्वाचा निर्णय पंगतीच्या शेजारी बसून घेऊ नका.

डिमेन्शियाचा प्रश्न मी टाळत नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाची जोखीम वाढवणारे, पण हाताळता येण्यासारखे १४ घटक दिले आहेत; कमी झालेलं ऐकू येणं त्यांतला एक. मशीन लावलं की डिमेन्शिया टळतो का? अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांचा तीन वर्षांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांचा एकत्रित निकाल पाहिला तर मशीन दिलेल्या आणि न दिलेल्या गटांच्या बुद्धीच्या घसरणीत फरक दिसला नाही. मुळात जोखीम जास्त असलेल्या गटात मात्र बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. मुलीला मी हे दोन्ही निकाल सांगितले. तिला आशा हवी होती आणि ती खरी हवी होती.

शांत खोलीत, समोरासमोर बोलतानाही तोच प्रश्न पुन्हापुन्हा येत असेल, ओळखीचा रस्ता चुकत असेल, पैशांच्या व्यवहारात नव्याने गोंधळ होत असेल, तर न्यूरॉलॉजिस्टकडे जायलाच हवं, आणि कान कमजोर आहेत म्हणून ते टाळू नये. दोन्ही त्रास एकाच माणसाला असू शकतात. फक्त स्मृतीच्या बऱ्याचशा चाचण्या तोंडी असतात. प्रश्नच नीट ऐकू आला नाही तर गुण जातात, म्हणून मशीन लावून, शांत जागीच ही चाचणी करा असा माझा आग्रह असतो. अण्णांची तशी चाचणी मशीनची सवय झाल्यावर डॉक्टरांनी केली. वयाच्या मानाने उत्तम निघाली.

भाच्याच्या लग्नात ते भिंतीकडे पाठ करून, स्पीकरपासून लांब बसले. बँड सुरू झाल्यावर त्यांनी मशीनं काढून खिशात ठेवली. मी तसंच सांगितलं होतं.

नंतरच्या भेटीत त्यांनी आपणहून एक गोष्ट सांगितली, जी घरात कुणालाच माहीत नव्हती. भजनी मंडळ त्यांनी गुडघ्यामुळे सोडलं अशी सगळ्यांची समजूत होती. खरं तर बुवा कुठलं चरण घेताहेत ते टाळांच्या आवाजात कळत नव्हतं, आणि चुकीच्या जागी तोंड उघडायची भीती वाटायची. आता त्यांना परत जायचं आहे. नेहमीच्या सेटिंगवर मशीन टाळाला गोंगाट समजून दाबतं, म्हणून संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम भरून दिला आहे. बसायचं पेटीशेजारी, बुवांचा चेहरा दिसेल असं. अभंगांची यादी आदल्या दिवशी मागून घ्यायची. एका गुरुवारी जाऊन आले, टाळ अजून टोचतो म्हणाले. पुढच्या भेटीत टाळाच्या पट्टीतला आवाज थोडा खाली आणायचा आहे.