छटाई करणाऱ्या बायकांचं काय?

प्रश्न: ताई, सांवेर रोडला माझ्या भाच्याचं प्लास्टिकचे दाणे बनवायचं छोटं युनिट आहे, छटाईला, म्हणजे प्लास्टिकचा कचरा निवडून वेगळा करायला, ठेकेदाराच्या 12 बायका येतात. आता एका मोठ्या खरेदीदाराने फॉर्म पाठवलाय, त्यात ‘सामाजिक’ म्हणून अख्खा एक कॉलम! भाचा म्हणतो, मावशी, आपण कचरा वाचवतोय, अजून कसली समाजसेवा? काय भरायचं त्यात?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर: भाच्याला सांगा, समाजसेवा कोणी मागतच नाहीये. फक्त एवढंच बघायचंय की माल फिरतोय तर पैसा कुठवर फिरतोय. भंगाराचा रेट पडला की तुमचा मार्जिन कमी होतो, ठीक आहे, पण त्याच दिवशी बायकांचा किलोमागचा दरही कापला जातो का, हा खरा प्रश्न आहे. किलोवर मजुरी असली की ओला, घाण माल आला तरी नुकसान त्यांचंच, मेहनत दुप्पट आणि पैसे निम्मे. म्हणून किमान वेतन पक्कं ठेवा, किलोचं वरचं बोनस म्हणून द्या.

आपल्या इंदूरला सहा प्रकारे कचरा वेगळा होतो, सॅनिटरी आणि घातक कचरा आधीच बाजूला, तरी कोणाच्या तरी इन्सुलिनची सुई सुक्या कचऱ्यात येतेच, आणि ती टोचते कोणाला? ग्लोव्ह्ज, मास्क, बूट द्यायला 2016च्या घनकचरा नियमांतही सांगितलं होतं. पण उन्हाळ्यात जाड रबरी ग्लोव्ह्ज कोणी घालत नाही, तेव्हा बायकांना विचारूनच घ्या.

आता कागदाचं. 10 किंवा जास्त माणसं झाली की ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागतो, महिना 21,000पर्यंत पगार असणाऱ्यांना, आणि ‘त्या ठेकेदाराच्या आहेत’ हे चालत नाही, ठेकेदाराने भरलं नाही तर भाच्यालाच भरावं लागतं. बहुतेक लोक इथेच अडकतात बरं का.

पुण्यात कचरावेचकांनी 2008मध्ये ‘स्वच्छ’ नावाची स्वतःची सहकारी संस्था काढली, घरोघरचा कचरा त्याच उचलतात, भंगार विकलेला पैसाही त्यांचाच. छोट्या युनिटला तेवढं नाही जमणार, पण रेट बायकांसमोर फळ्यावर लिहायला काय जातं?

फॉर्म भरायच्या आधी ठेकेदार नसताना बायकांशी चहा पीत बोला. आणि ‘महिलांसाठी शौचालय आहे’ पुढे टिक करण्याआधी त्याच्या दाराला आतून कडी लागते का तेवढं बघून या.