आधी उंची, मग कोन: जुन्या पिकअपच्या पुढच्या सस्पेन्शनविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न: जुन्या पिकअपला पुढे टोर्शन बार (पिळले जाऊन स्प्रिंगचं काम करणारे पोलादी दांडे) आहेत. डावी बाजू 20 मिमी खाली दिसते. डाव्या बारचा उंची ठरवणारा बोल्ट आवळला की भागेल का?

उत्तर: भागेलही, पण आधी दोष पुढेच आहे का ते बघा. मागचा एक पाटा (लीफ स्प्रिंग) बसला तरी गाडी तिरपी होते आणि नाव पुढच्या बाजूचं होतं. पुढच्या चाकांना ओट लावा, मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध जॅक लावून मागची चाकं जेमतेम उचला. पुढचा तिरपेपणा गेला तर पाटे तपासा. तसाच राहिला तर टोर्शन बारकडे वळा.

माप सपाट जागेवर, दोन्ही टायरमध्ये सारखी हवा भरून घ्या. टेप चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत धरा. जमिनीपासून धरली तर टायरची झीजही मापात शिरते. मडगार्ड कधी ठोकून बसवलेलं असेल, तर मात्र चेसिसवरच्या दोन्हीकडच्या एकाच जागेपासून जमिनीपर्यंत मोजा.

बोल्ट भारावर फिरवू नका, आटे जातात. चेसिस जॅक स्टँडवर ठेवून चाकं लोंबकळू द्या. आटे तारेच्या ब्रशने साफ करून ग्रीस लावा आणि बोल्ट दोनच फेरे फिरवा. खाली उतरवल्यावर गाडी पाच-दहा मीटर पुढे-मागे ढकला, बंपर दोन-तीनदा दाबा, मगच मोजा. जॅकवरून नुकतीच उतरलेली गाडी टायर जमिनीला धरून राहिल्यामुळे उंच उभी असते. ते माप खोटं. एक बाजू उचलली की दुसरीही थोडी हलते, म्हणून दोन्हीकडे आळीपाळीने जा. शेवटी 3-5 मिमी फरक राहिला तर त्याच्या मागे लागू नका.

प्रश्न: पुढची बाजू 50 मिमी उचलली. आता गाडी खड्ड्यात आदळते. बार कडक झाले का?

उत्तर: नाही. बोल्ट आवळल्याने बारचा कडकपणा बदलत नाही, फक्त आर्म (चाकाला चेसिसशी जोडणारा, वर-खाली हलणारा भाग) खाली ढकलला जातो. मग चाकाला आणखी खाली जायला जागाच उरत नाही आणि वरचा आर्म रबरी स्टॉपवर आपटतो. गाडी चाकांवर उभी असताना आर्म आणि स्टॉपमधली फट बघा. जवळजवळ टेकलेलं असेल तर खाली घ्या. 25-30 मिमीच्या पुढे जाऊच नये असं आमचं मत. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर पुढच्या शाफ्टचा कोन वाढून त्याच्या सांध्यांवरचे रबरी बूटही लवकर फाटतात.

बोल्ट पूर्ण आत जाऊनही मूळ उंची येत नसेल, तर बार बसले आहेत, जोडीनेच बदला. डावा-उजवा अदलाबदल करू नका, प्रत्येक बार एकाच दिशेच्या पिळासाठी बनवलेला असतो.

प्रश्न: टायरवरून बाहेरून आत हात फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर करवतीसारखं लागतं. टो (पुढची चाकं वरून पाहता आत किंवा बाहेर किती वळली आहेत ते माप) घरी जुळवता येईल का?

उत्तर: येईल, आणि ही खूण जास्त टो-इनचीच (चाकं पुढून आत वळलेली) आहे. पण आधी चाक उचलून हलवा. बाजूने हलवल्यावर ढिलं लागलं तर टाय रॉड एंड किंवा आयडलर आर्म (स्टिअरिंगचे सांधे), वर-खाली हलवल्यावर लागलं तर बॉल जॉइंट (आर्म आणि चाकामधला सांधा) किंवा बेअरिंग. ढिल्या सांध्यांवर केलेलं अलाइनमेंट आठवडाभरही टिकत नाही.

चाक फिरवत खिळ्याने टायरच्या मध्यावर बारीक रेघ ओढा. स्टिअरिंग सरळ ठेवा, गाडी ढकलून घ्या आणि हबच्या उंचीला दोन्ही रेघांमधलं अंतर पुढून व मागून मोजा. पुढे 1448, मागे 1450 आलं तर टो-इन 2 मिमी. गाडीच्या पुस्तकातला आकडाच धरा. जुन्या पिकअपमध्ये तो साधारण 0 ते 3 मिमी असतो.

टाय रॉडवरची स्लीव्ह (दोन्ही टोकांना उलटे आटे असलेली नळी) हळूच फिरवा. आट्यांचं अंतर 1.5 मिमी असेल तर पाव फेऱ्यात रॉडची लांबी 0.75 मिमी बदलते. स्टिअरिंग आर्म (टाय रॉड चाकाला जोडणारा दांडा) 150 मिमी आणि टायरचा व्यास 700 मिमी असेल तर टायरवर तेच साडेतीन मिमी होतात! दोन्ही बाजू सारख्याच फिरवा, नाहीतर टो बरोबर आणि स्टिअरिंग वाकडं.

प्रश्न: शिम (बोल्टखालची पातळ पट्टी) बदलून कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर कल) आणायचा की कॅस्टर (बाजूने पाहता चाक वळण्याच्या अक्षाचा पुढे-मागे कल)?

उत्तर: दोन्ही, आणि टो सर्वांत शेवटी, कारण शिम हलवली की टोही हलतो. वरच्या आर्मच्या पुढच्या व मागच्या बोल्टखाली सारखीच जाडी वाढवली-घटवली तर कॅम्बर बदलतो. एकीकडची काढून दुसरीकडे घातली तर मुख्यतः कॅस्टर. कॅम्बर ओळंब्यानेही कळतो: 400 मिमीच्या रिमवर वरच्या आणि खालच्या कडेत 7 मिमी फरक म्हणजे 1 अंश. आर्मचे बुश रबरी असतील तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. लोंबकळत्या चाकाने आवळले तर रबर कायम पिळलेलं राहून फाटतं.

प्रश्न: अलाइनमेंट करूनही गाडी डावीकडे ओढते.

उत्तर: पुढचे टायर अदलाबदल करा (एकाच दिशेने फिरण्यासाठी बनवलेले नसतील तर). ओढ उलटली तर दोष टायरचा. नाही उलटली तर ब्रेक धरून राहतोय का बघा. डावा ड्रम किंवा डिस्क उजव्यापेक्षा जास्त तापते का. तेही नसेल तर कॅस्टर मोजा. कमी कॅस्टर असलेल्या बाजूला गाडी ओढते.