थंडीचं नाव, पाण्याचं काम

डिसेंबर लागला की पिवळ्या पानांचे फोटो येऊ लागतात. पाठवणारा भुसावळचा असो की शहाद्याचा, खाली मजकूर एकच: "थंडीने झाड गेलं, कोणतं औषध मारू?" आपली खानदेशची थंडी हिमाचलची नव्हे. पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि दुपारी अंगातला स्वेटर काढावा लागतो. या चढउतारात झाडाचं नेमकं काय होतं हे कुणी बघत नाही, थेट औषधाचं नाव विचारतात. म्हणून यावेळी वाचकांचे थंडीचेच प्रश्न घेतले आहेत.

एडेनियमची सगळी पानं गळाली. मेलं का? (चाळीसगाव)

खोड दाबून पाहा. टणक असेल तर झोपलंय, फेब्रुवारीपर्यंत पाणी जवळजवळ बंद ठेवा. मऊ लागलं तर सडलंय.

भाऊ, थंडी भलती शे; तुळसले काय करू? (अमळनेर)

मंजिऱ्या खुडा, थोड्या वाळवून बियांसाठी ठेवा. तुळशीला ही थंडी सोसत नाही, एखादं जुनं झाड जातंच. बी हाताशी असलं की चिंता नाही. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल ती रात्र सर्वांत वाईट, कारण जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते. त्या रात्री जुनी सुती साडी टाका, ऊन आलं की काढा. प्लास्टिक पानाला टेकलं तर टेकल्या जागी पान करपतं. आणि रोज दूध, तेल, हळदकुंकू मुळाशी पडत असेल तर ते कुंडीबाहेर वाहा. देवाला चालतं.

कुंडीतल्या लिंबाची पानं पिवळी पडली. शेजारच्या काकूंनी युरिया सांगितला, व्हॉट्सअपवर एप्सम सॉल्ट आलं. दोन्ही टाकू? (जळगाव)

एकही टाकू नका.

माती गार झाली की मुळं आळसावतात. माती ओली असली तरी त्यांना पाणी ओढवत नाही, अन्नद्रव्यंही कमी उचलली जातात, आणि पान पिवळं दिसतं. आपण समजतो तहान लागली. पाणी वाढवतो. त्यात कुंडीत शेतातून आणलेली काळी माती भरलेली. ती पाणी धरून बसते, थंडीत आठवडाभर वाफसा येत नाही, म्हणजे जादा पाणी निघून मातीत हवा खेळत नाही. मुळांना हवा मिळेना की ती कुजतात. कुजलेल्या मुळांचं झाड ओल्या मातीतही मान टाकतं, ते पाहून आपण आणखी एक तांब्या ओततो! त्यावर युरिया म्हणजे अजीर्ण झालेल्याला वरणबट्टीचं ताट वाढणं. चुकून झाडाने तो घेतलाच तर कोवळी फूट येते आणि पुढच्या गार पहाटे तीच आधी काळी पडते.

रावेर-यावलच्या केळीवाल्याला हे सांगावं लागत नाही. थंडीत केळीचं पान निघायचं मंदावतं, घड खोडातच अडकतो, हे त्याला ठाऊक असतं. तो पहाटे बोअरचं पाणी सोडतो, कारण ते हवेपेक्षा कोमट असतं, पण तेही मोजून. गच्चीवर दहा कुंड्या असलेला माणूस मात्र संध्याकाळी ऑफिसातून येऊन टाकीचं गारठलेलं पाणी पाइपने मारतो.

बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर पाणी नाही, मग शेवटचं पाणी कधी दिलं ते विसरा. द्यायचं तेव्हा सकाळी ऊन चढल्यावर द्या. कुंडीचं भोक काडीने मोकळं करा, खालच्या बशीतलं साचलेलं पाणी ओता. लिंबू, जास्वंद, क्रोटन यांना जानेवारी संपेपर्यंत खत बंद. पेटुनिया, डेलिया, झेंडू यांचा हाच हंगाम, त्यांना हा नियम लावू नका.

आता पिवळेपणा कोणता ते बघा. खालची जुनी पानं पिवळी असतील तर बहुधा वर सांगितलेलंच कारण. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाहीये. आपल्या चुनखडीच्या मातीत आणि बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात ते नेहमीचं आहे. एप्सम सॉल्टमध्ये लोह नसतं, मॅग्नेशियम असतं. पान, मूठभर माती आणि पाण्याची बाटली घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जा, तपासून घ्या, मगच काही विकत आणा. फोटोवरून मी औषध सांगणार नाही.

शेवंती हिरवीगार आहे, पण कळीच नाही. (धुळे)

फाटकाजवळ रस्त्याचा दिवा आहे का? शेवंतीला कळी धरायला मोठी, सलग अंधारी रात्र लागते. नव्या पांढऱ्या दिव्याखाली तिची रात्र होतच नाही. कुंडी मागच्या अंगणात न्या. तरीही महिनाभरात कळी दिसली नाही, तर पानासकट फांदी जाणकाराला दाखवा.

टेम्पोवाल्याने सफरचंदाचं रोप दिलं. दुसऱ्या वर्षी फळ म्हणाला. लावू? (शिरपूर)

टेम्पो पुढच्या वर्षी येतो का ते आधी पाहा. नेहमीच्या सफरचंदाला ७ अंशांखालच्या थंडीचे ८०० ते १२०० तास लागतात. ते खानदेशात कुठून आणणार? कमी थंडीवर येणाऱ्या जाती खऱ्या आहेत: अ‍ॅना, डॉर्सेट गोल्डन, आणि हिमाचलातल्या बिलासपूरच्या हरिमन शर्मांची एचआरएमएन-९९. पण गाडीवरचं रोप त्यातलंच कशावरून? बुंध्याशी कलमाचा सांधा नसेल तर ते बियांचं रोप आहे. फांदीला लटकवलेलं लाल फळ आणि छापील चित्र हा पुरावा नव्हे. नोंदणीकृत रोपवाटिकेची पावती घ्या आणि गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) विचारून लावा. एवढं करूनही मे महिन्यातलं ४४ अंशांचं ऊन शिल्लक आहेच. मला विचाराल तर पेरू लावा.

गुलाबाच्या पानांवर पांढरी पूड. (नंदुरबार)

भुरी, म्हणजे बुरशीचा रोग. कोरडे दिवस आणि गार रात्री तिला मानवतात. बाधित शेंडे खुडून जाळा, झाडात हवा खेळू द्या. पाण्यात विरघळणारं गंधक चालतं, पण गेल्या दोन आठवड्यांत कडुनिंबाचं तेल फवारलं असेल तर नको, पानं भाजतात. प्रमाण डब्यावरचं वाचा. दुकानदार "थोडं जास्त टाका" म्हणाला तर दुकान बदला.

मोगरा आता छाटू? (भुसावळ)

जानेवारीअखेर छाटा. तोवर पाणी कमी.

परसातल्या पपईची वरची पानं एका रात्रीत काळी झाली. कापून टाकू? (धडगाव)

घाई नको. सातपुड्यातल्या तोरणमाळ, डाब या गावांकडच्या पट्ट्यात दव गोठतं, तिथला मार मैदानातल्यासारखा नसतो. मेलेलं पानही खालच्या शेंड्यावर पांघरूण म्हणून उपयोगी पडतं. फेब्रुवारी सरेपर्यंत थांबा, मग खोड वरून खाली नखाने खरवडत या. हिरवं लागेल तिथपर्यंतच कापा. खोड बुंध्याशी मऊ, पाणचट झालं असेल तर मात्र थांबू नका; त्याच दिवशी सहायक कृषी अधिकाऱ्याला बोलावून दाखवा, कारण तो मार थंडीचा नसून बुंधाकुजीचा असू शकतो आणि शेजारची झाडंही त्यात जातात.