आढ्याला दोर बांधण्याआधी

भाऊ, तुमचं विचारणं असं: जुनं कवेलूचं घर, वर सागवानी आढं, नवरा-बायको दोघांच्याही मनातून इच्छा, तर पूर्ण सस्पेन्शन, म्हणजे प्रणयाच्या खेळात जोडीदाराला दोराने बांधून अधांतरी लटकवणं, करावं का, आणि लोकांना त्यात गोडी कसली?

आढ्याला नको. ते कवेलू पेलायला टाकलेलं असतं. मधोमध एकाच जागी हलणारं वजन त्याच्या हिशोबात नाही. 60 किलोचा माणूस झोका घेतो किंवा धसकन चार बोटं खाली येतो, तेव्हा भार क्षणभर दुप्पट-तिप्पट होतो. वाळवी लाकूड आतून खाते, वरून ते धडधाकटच दिसतं. पंख्याच्या हुकाचं तर नावच काढू नका. भार मोजून पक्का बसवलेला आधार हवा, आणि त्यावर गिर्यारोहणाचं, 22 किलोन्यूटन (म्हणजे साधारण 2,200 किलोचा भार) लिहिलेलं कॅराबिनर, म्हणजे झडपेची धातूची कडी.

दोर 6 मिलिमीटरचा ज्यूटचा, 8-8 मीटरचे तुकडे. नायलॉनची गाठ सरकते, घसरताना कातडी भाजते. सुती दोर ताणतो आणि गाठ अशी आवळते की सुटता सुटत नाही. गोठ्यातला कासरा घेऊ नका. तो बहुतेक घरी फवारणीच्या औषधाशेजारीच टांगलेला असतो.

पण या खेळात दोर तुटण्यापेक्षा जास्त वेळा इजा होते ती दंडाच्या नसेला, म्हणजे रक्तवाहिनीला नव्हे, मज्जातंतूला. खांदा आणि कोपर यांच्या साधारण मध्यावर, दंडाच्या मागून बाहेरच्या बाजूला, रेडियल नस हाडाला लागून जाते. छाती आणि दंडांभोवतीचा बांध सरकून त्यावर वजन आलं की मनगट लुळं पडतं, आणि भरून यायला आठवडे, कधी महिने लागतात. पंजा निळसर पडला तर तो रक्त अडल्याचा परिणाम, त्यात थोडी सवड मिळते. नस काही मिनिटांतच बिघडते, तीही कधी न दुखता. म्हणून दर दोन मिनिटांनी तपासा: पंजा मनगटातून मागे वळतो का, अंगठा ताणता येतो का, बोटं फाकतात का. मुंग्या, विजेसारखी चमक, बधिरपणा, काहीही जाणवलं की खाली. ‘अजून जरा’ म्हणणाऱ्याचं ऐकायचं नाही, मग तो लटकलेलाच का असेना.

खाली घेताना आधी अंगाला खालून आधार द्या, मग दोर सोडा. घाबरून वरचाच दोर कापला तर माणूस डोक्यावर पडतो. बोथट टोकाची, बँडेज कापायची कात्री मात्र खिशातच हवी.

सुरुवात एक पाय जमिनीवर ठेवून करा. भार छाती आणि कंबरेवर वाटलेला, मनगटावर नाही. मानेला दोर कधीच नाही. गोडी आहे ती इथेच: घट्ट पकडीत अंग सोडून देता येतं, आणि बांधणाऱ्याला समोरच्याच्या प्रत्येक श्वासाकडे लक्ष द्यावं लागतं. पुष्कळ जोडप्यांना याच्या पुढे जावंसंच वाटत नाही. थांबायचा शब्द आधी ठरवा, तोंड मोकळं ठेवा, दारू नको, बांधलेल्याला एकटं सोडून पाणी आणायलाही जायचं नाही.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 वर जातो. अंगातलं पाणी कमी झालेला माणूस उभा, स्थिर लटकला की रक्त पायात साचून भोवळ येते. भोवळ आली तर लगेच उतरवून आडवं करा. लाइट जाणारच, म्हणून चार्ज केलेला हेडलॅम्प कपाळावर असू द्या. उतरल्यावर मनगट उचलत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, आणि झोपेत हात अवघडला असं न सांगता दोराने दंड किती वेळ दाबला होता ते सांगा.