प्रश्न तुमचे: माउस, कीबोर्ड आणि माउसपॅड

‘सगळ्यात चांगला माउस कोणता?’ असं या वेळी बऱ्याच वाचकांनी विचारलं आहे. हात केवढा, टेबल कसलं आणि दिवसभर काम काय, हे कळल्याशिवाय त्याचं खरं उत्तर देता येत नाही. ज्यांनी या गोष्टी कळवल्या, त्यांची पत्रं आधी घेतली आहेत.

दुकानदाराने १२,००० डीपीआयचा माउस दाखवला. माझा जुना १,०००चा आहे. नवा बारा पट अचूक असेल का? काम वर्ड, एक्सेल आणि थोडं फोटोंचं. (शिक्षिका, लातूर)

नाही. माउस एक इंच सरकवल्यावर त्याचा सेन्सर किती टप्पे मोजतो, तो आकडा म्हणजे डीपीआय. त्यावरून वेग कळतो, अचूकपणा कळत नाही. तुमचा पडदा १९२० ठिपके रुंद आहे असं धरा. १,००० डीपीआयला बाण या कडेपासून त्या कडेपर्यंत न्यायला माउस सुमारे ५ सेंटिमीटर सरकवावा लागतो. १२,०००ला तेच अंतर ४ मिलिमीटरमध्ये संपतं. एवढ्या वेगात एक्सेलचा चौकोन नेमका पकडणं कुणालाच जमत नाही, त्यामुळे असा माउस घेणारे सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा खालीच आणतात. साध्या पडद्याला ८०० ते १,२०० आणि फोर-के पडद्याला १,६०० च्या आसपास पुरतं. शिवाय स्वस्त माउसच्या खोक्यावरचा मोठा आकडा पुष्कळदा सेन्सरचा नसतोच, मधले टप्पे गणिताने भरून तो फुगवलेला असतो.

फोटोंच्या कामासाठी विंडोजच्या माउस सेटिंगमधली ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ची खूण काढा. ती असली की हात जोरात हलवल्यावर बाण जास्त पळतो आणि हळू हलवल्यावर कमी, म्हणून हाताला अंतराची सवय लागत नाही.

पैसे घालायचे तर मापावर घाला. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पट्टीने मोजा. ढोबळमानाने त्याच्या साठ टक्के लांबीचा माउस हाताला बसतो. हात १७ सेंटिमीटर असेल तर माउस १० च्या आसपास, १९ असेल तर साडेअकराच्या. पूर्ण तळवा टेकवून धरायची सवय असेल तर थोडा मोठा आणि पाठ उंच असलेला घ्या. नुसत्या बोटांच्या टोकांनी धरत असाल तर लहान आणि हलका. दुकानात खोकं उघडायला सांगून दोन-तीन मिनिटं हातात धरून पाहा. अंगठा आणि करंगळी यांपैकी एकही टेबलावर घासत असेल तर तो माउस तुमचा नाही.

माउसचं डावं बटण एकदा दाबलं तरी दोनदा दाबल्यासारखं होतं. फाइल ओढताना मध्येच सुटते. माउस दीड वर्षाचा आहे, वॉरंटी संपली. (छायाचित्र स्टुडिओ, रत्नागिरी)

दोन्ही लक्षणं एकाच दोषाची आहेत. खात्री करून घ्या: विंडोजमध्ये मुख्य बटण डाव्याचं उजवं करा आणि उजव्या बटणाने एका फोल्डरवर थांबून थांबून तीस-चाळीस वेळा एकेकदाच क्लिक करा. फोल्डर एकदाही उघडलं नाही, तर कॉम्प्युटर ठीक आहे, डाव्या बटणाखालचा मायक्रोस्विच गेला आहे. नवा भाग मिळेपर्यंत हीच अदलाबदल ठेवून काम चालवता येईल.

या स्विचच्या आत तांब्याच्या मिश्रधातूची एक पातळ पट्टी ताणून बसवलेली असते. बटण दाबलं की ती उडी मारून खालच्या बिंदूला टेकते. टेकताना ती थोडी थरथरते. ही थरथर काही मिलिसेकंदांची असते आणि माउसमधली चिप तेवढा वेळ दुर्लक्ष करते. पट्टीचा ताण कमी झाला किंवा टेकणाऱ्या जागेवर ऑक्साइडचा थर आला की थरथर लांबते, चिपने ठरवलेल्या वेळेबाहेर जाते आणि एका दाबाचे दोन क्लिक मोजले जातात. आताच्या माउसमध्ये स्विचमधून जाणारा प्रवाह फार थोडा असतो, त्यामुळे तो थर जळून साफ होत नाही. किनारपट्टीची दमट, खारी हवा या बिघाडाला मदतच करते.

आता दुरुस्ती. वायरलेस असेल तर आधी सेल काढा. स्क्रू बहुधा तळाच्या गुळगुळीत पट्ट्यांखाली लपलेले असतात. हेअर ड्रायरची कोमट हवा देऊन त्या पट्ट्या एका कडेने उचला, म्हणजे पुन्हा चिकटतील. वरचं कवच उचलताना जोर लावू नका, आत दोन्ही भागांना जोडणारी पट्टी-वायर असू शकते. स्विच म्हणजे तीन पायांचा, सुमारे १२.८ मिलिमीटर लांब आणि ५.८ रुंद असा काळा ठोकळा. अंगावर कंपनी आणि क्रमांक छापलेला असतो. त्याच मापाचा नवा मागवा. इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणाऱ्याकडे तो मिळतो आणि माउसच्या मानाने किंमत अगदी किरकोळ असते.

सोल्डरिंग आयर्न ३३० ते ३५० अंशांवर ठेवा, सोल्डर विकने (शिसं शोषणाऱ्या तांब्याच्या विणलेल्या पट्टीने) तिन्ही पायांचं शिसं शोषून घ्या आणि स्विच सहज हलू लागल्यावरच काढा. ओढून काढला तर बोर्डावरचा तांब्याचा गोल त्याच्याबरोबर उचकटून येतो, आणि मग काम खरंच अवघड होतं. स्विचचा दट्ट्या मध्यभागी नसतो. जुन्याचा ज्या बाजूला होता त्याच बाजूला नव्याचा येऊ द्या. नवा स्विच मिळतच नसेल तर उजव्या बटणाचा काढून डावीकडे लावा. बहुतेक माउसमध्ये दोन्ही एकाच जातीचे असतात आणि उजवा फारच कमी वापरलेला असतो.

कॉन्टॅक्ट क्लीनर मारून काही दिवस-आठवडे निभावतं, पण ताण गेलेली पट्टी त्याने परत ताणली जात नाही. गंज काढायचं तेलकट स्प्रे मात्र मारू नका. मागे राहिलेला तेलाचा थर धूळ धरून ठेवतो. पुढचा माउस घेताना ऑप्टिकल स्विचचा पाहा. त्यात धातूला धातू टेकत नाही, दट्ट्या प्रकाशाची रेघ सोडतो किंवा अडवतो, म्हणून हा दोष त्यात येत नाही. जुन्या माउसमध्ये मात्र तो बसत नाही, त्याचा बोर्डच वेगळा असतो.

दिवसभर मराठी टाइप करते, इनस्क्रिप्टमध्ये. लॅपटॉपला जोडायला लहान आकाराचा मेकॅनिकल कीबोर्ड घ्यायचा आहे. काय पाहावं? (अनुवादक, नाशिक)

इंग्रजी टाइप करणाऱ्यांसाठी लिहिलेला सल्ला इथे अपुरा पडतो. इनस्क्रिप्ट म्हणजे भारतीय भाषांसाठीची प्रमाण बटणमांडणी. तिच्यात डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. त्यामुळे इंग्रजीत विरामचिन्हांपुरती लागणारी उजव्या कडेची बटणं मराठीत सतत लागतात. अर्धविरामावर च, अवतरणचिन्हावर ट, चौकटी कंसावर ड, तिरप्या रेघेवर य. लहान कीबोर्ड बनवताना कंपन्या नेमकी हीच बटणं अरुंद करतात किंवा हलवतात. ‘य’ अर्ध्या रुंदीचा झालेल्या कीबोर्डवर मराठी लिहिणं ही शिक्षा आहे.

उजवा शिफ्टही पाहा. अ, आ, इ, ई, उ, ऊ, ए, ओ हे सगळे स्वर डाव्या हाताच्या बटणांवर शिफ्टसह येतात, म्हणजे उजव्या करंगळीला शिफ्ट लांबच लांब हवा. त्याच्या पोटात वरचा बाण घुसवलेला असेल तर ‘आणि’ लिहायला गेलात की कर्सर वरच्या ओळीत उडी मारेल. तिसरी गोष्ट म्हणजे एंटरचं बटण. ते आडवं, एका ओळीचं असावं आणि त्याच्या डोक्यावर उलटी तिरपी रेघ असावी. ‘ऑफिस’मधला ऑ आणि ‘डॉक्टर’मधला ॉ तिच्यावरच आहेत. मोठ्या, उलट्या एल आकाराच्या एंटरच्या कीबोर्डवर हे बटण दुसरीकडेच नेलेलं असतं.

या तिन्ही अटी ८७ बटणांच्या टेनकीलेस कीबोर्डमध्ये सहसा पूर्ण होतात, कारण त्यात फक्त उजवीकडचा आकड्यांचा भाग काढलेला असतो. ६१ बटणांचा घेऊ नका.

आता स्विच. मेकॅनिकल कीबोर्डच्या प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असतो. चेरी कंपनीच्या एमएक्स मालिकेतल्या रंगांवरून बाकीच्यांची नावं पडली आहेत. रेड सरळ खाली जातो, ४५ ग्रॅमच्या आसपास दाब लागतो. ब्राउनला मध्ये हलकी ठेच लागते, सुमारे ५५ ग्रॅम. ब्लूला ठेचेबरोबर टकटक आवाज येतो, सुमारे ६० ग्रॅम. तिन्हींत बटण साधारण २ मिलिमीटर खाली गेलं की अक्षर उमटतं आणि पूर्ण प्रवास ४ मिलिमीटरचा असतो. रबरी घुमटाच्या साध्या कीबोर्डवर जवळजवळ तळापर्यंत दाबावं लागतं, बोटं थकतात ती त्यामुळे. दिवसभराच्या टायपिंगला आमची पसंती ब्राउनला. ब्लूवर हात छान चालतो, पण त्याचा आवाज शेजारच्या खोलीत आणि फोनवरच्या माणसाला स्पष्ट ऐकू जातो. आपल्याकडच्या कार्यालयांत वर्षानुवर्षं दिसणारा टीव्हीएस गोल्ड याच ब्लूचा.

बटणांच्या टोप्या पीबीटी प्लॅस्टिकच्या असाव्यात. एबीएसच्या टोप्या घासून चकचकीत होतात. मराठी अक्षरांचे स्टिकर लावायचे तर पारदर्शक आणि मॅट घ्या, आणि बटण आधी अल्कोहोलने पुसा, नाहीतर कडा उचलतात. ‘दऱ्या’मधला र अडला तर शिफ्टसह जे, मग डी, मग तिरपी रेघ.

टॅलीवर दिवसभर नोंदी करतो. उजवा खांदा आणि मनगट दुखतं. ‘गेमिंग’ कीबोर्डचा फायदा होईल का? (हिशेबनीस, इचलकरंजी)

नाव गेमिंग असल्याने काही होत नाही. दुखण्याचं कारण बहुधा रुंदी आहे. पूर्ण कीबोर्ड ४४ सेंटिमीटरच्या आसपास असतो, माउस त्याच्याही पलीकडे, म्हणून हात दिवसभर बाहेर ताणलेला राहतो. टेनकीलेसने ८-९ सेंटिमीटर वाचतात, पण आकड्यांचा भाग गेला तर तुमचं काम अडेल. यावर दोन उपाय आहेत. एक, टेनकीलेस कीबोर्ड आणि सुटा नंबरपॅड, नोंदी नसतील तेव्हा पॅड बाजूला सारायचा. दुसरा बिनपैशाचा आहे: माउस डाव्या हाताला घ्यायचा. माउस दोन्ही बाजूंनी सारखा हवा आणि सुरुवातीचे काही दिवस चिडचिड होते, पण टॅलीत माउस थोडाच लागतो, म्हणून तुम्हाला हे जमेल.

कीबोर्डचे मागचे पाय मिटवा. ते उघडले की मनगट वर मुडपतं. जी आणि एच ही बटणं शरीराच्या मध्यरेषेत येऊ द्या, कोपर टेबलाच्या उंचीला. आणखी एक पाहा. टॅलीत नोंदीचा प्रकार वरच्या ओळीतल्या एफ-बटणांनी निवडतात: एफ-४ कॉन्ट्रा, एफ-५ पेमेंट, एफ-६ रिसीट, एफ-७ जर्नल, एफ-८ सेल्स, एफ-९ पर्चेस. काही कीबोर्डवर या बटणांना आवाज-प्रकाशाची कामं दिलेली असतात आणि एफ-८ साठी एफएन धरून ठेवावं लागतं. ते उलटवायची सोय आहे का, हे दुकानातच तपासा. अंगठा आणि लगतच्या दोन बोटांना रात्री मुंग्या येत असतील तर मात्र खरेदी थांबवून डॉक्टरांकडे जा.

वायरलेस माउस अडखळतो. सेल नवा आहे. रिसीव्हर सीपीयूच्या मागे लावला आहे. (पिंपरी)

शेजारी यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्ह आहे का? यूएसबी ३.० च्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ पट्ट्यात गोंगाट निसटतो आणि माउसही त्याच पट्ट्यात बोलतो. इंटेलने २०१२ साली यावर सविस्तर टिपण काढलं होतं. शिवाय तुमच्याकडे सीपीयूचा पत्राही मध्ये येतो. यूएसबीची एक्स्टेंशन वायर घेऊन रिसीव्हर टेबलावर, माउसपासून वीत-दीड वीत अंतरावर ठेवा. बहुतेक वेळा एवढ्याने काम होतं.

टेबलाला वर काच आहे, माउस चालत नाही. कापडी पॅडला पावसाळ्यात कुबट वास येतो. (ठाणे)

माउसचा सेन्सर म्हणजे खालच्या पृष्ठभागाची भराभर चित्रं काढून ती ताडून पाहणारा छोटा कॅमेरा. नितळ काचेवर ताडायला काही खूणच नसते. काचेवर चालणारे माउस मिळतात, पण तुम्हाला पॅडच पुरे. २५ बाय २१ सेंटिमीटरचा नेहमीच्या कामाला चालतो. कीबोर्डही वर ठेवायचा तर ८० बाय ३०. जाडी ३ मिलिमीटर, कडा शिवलेल्या, खाली रबर. न शिवलेल्या कडा मनगटाखालून सुटायला लागतात. जेलची उशी असलेला पॅड टाळा. माणसं तिच्यावर मनगट दाबून माउस फिरवतात आणि दाब नेमका नसेच्या वाटेवर येतो. टेकवायचाच तर तळव्याचा खालचा भाग, आणि तोही हात थांबलेला असताना.

धुण्यासाठी कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विडचे चार-पाच थेंब, मऊ ब्रश. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. मशीन आणि ऊन दोन्ही नको, रबर सोलतं. पंख्याखाली किमान २४ तास, पावसाळ्यात दोन दिवस. अर्धवट सुकलेला पॅड टेबलावर अंथरला की तोच वास परत येतो.

कीबोर्डवर गोड चहा सांडला. (सोलापूर)

वायर लगेच काढा आणि कीबोर्ड पालथा धरा. नुकसान पाण्यापेक्षा साखरेने होतं. ती सुकली की बटणं चिकटतात आणि मुंग्या आत घर करतात. साधा कीबोर्ड मागचे स्क्रू काढून उघडा. बटणांचं कवच आणि रबर पाण्याने धुवा. आतले प्लॅस्टिकचे तीन पातळ कागद मात्र धुवू नका, ते आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने हलके पुसा. जोरात घासलं तर त्यावरच्या वाहक रेघा जातात आणि मग एका रेघेवरची सगळी बटणं एकदम बंद पडतात. मेकॅनिकल असेल तर टोप्या काढून प्रत्येक भिजलेल्या स्विचमध्ये अल्कोहोलचे दोन-तीन थेंब सोडा आणि तो खूप वेळा दाबा. दोन दिवस सुकवून मगच जोडा. लॅपटॉपवर सांडला असेल तर यातलं काहीच करू नका, बंद करून तंत्रज्ञाकडे न्या.

रुपयाचं चिन्ह कीबोर्डवर छापलेलं नाही, कसं काढायचं? (धुळे)

विंडोजमध्ये भाषा ‘इंग्लिश (इंडिया)’ निवडा. मग उजवा ऑल्ट धरून ४ दाबा.