अँड्रॉइड फोनवर स्क्रीन टाइम कसा बघायचा आणि कमी कसा करायचा?

तुम्ही लिहिलंय की एमपीएससीचा अभ्यास चालू आहे, घरचे म्हणतात दिवसभर फोनमधेच असतोस, तुम्हाला वाटतं एवढं काही नाही, तर खरा आकडा कुठं दिसतो, तो कमी कसा करायचा आणि त्यासाठी वेगळं ॲप टाकावं का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. ॲप टाकू नका. मी टाकलं होतं. त्यानं आधी ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागितली, म्हणजे स्क्रीनवर जे जे दिसतं ते सगळं वाचायची मुभा, मी पण काही न वाचता दिली, आणि दुसऱ्या दिवशी माझं बँकेचं ॲप उघडेचना, म्हणतंय आधी ती परवानगी बंद करा. वर ते ॲप स्वतःच दिवसातून पाच-सहा वेळा नोटिफिकेशन पाठवणार, "आज तुम्ही फोन खूप वापरला". अरे बाबा, ते वाचायला पण फोनच उचलावा लागतोय ना. काढून टाकलं. फोनमधे आधीपासून जे असतं ते भरपूर आहे.

माझं कराडला मेडिकल आहे, सकाळी नऊ ते रात्री दहा काउंटरवर, मधे जेवायला तासभर. त्यामुळं मी काही यातला एक्स्पर्ट वगैरे नाही, पण वर्षभर स्वतःवर प्रयोग केलेत म्हणून लिहितोय.

बघायचं कुठं ते सांगतो. सेटिंग्ज उघडा, खाली खाली गेलात की "डिजिटल वेलबीइंग" सापडेल, पुढं पॅरेंटल कंट्रोल्स असंही लिहिलेलं असतं. कंपनीप्रमाणं जागा आणि नाव थोडं इकडंतिकडं असतं, जुन्या रेडमीमधे नुसतं "स्क्रीन टाइम" म्हणून पण येतं, तर शोधत बसू नका, सेटिंग्जच्या वरच्या सर्चमधे टाइप करा, लगेच येतं. गूगलनं हे २०१८ ला अँड्रॉइड ९ च्या वेळी आणलं, त्यामुळं त्याच्या नंतरचा फोन असेल तर बहुतेक असणारच. फोन अगदीच जुना असेल तर डायल पॅडवर स्टार हॅश स्टार हॅश ४६३६ हॅश स्टार हॅश स्टार दाबून बघा, बऱ्याच फोनवर एक टेस्टिंगचा मेनू उघडतो त्यात युसेज स्टॅटिस्टिक्स असतं, सगळ्यांवर चालत नाही आणि त्या मेनूत बाकी कशाला हात लावू नका.

डिजिटल वेलबीइंग उघडलं की एक गोल दिसतो, मधे आजचे एकूण तास मिनिटं, कडेनं कुठल्या ॲपला किती ते रंगात. सगळे हा गोल बघतात आणि एकतर घाबरतात नाहीतर खूश होतात. मी पण घाबरलो होतो, पहिल्या आठवड्याची सरासरी ५ तास ४० मिनिटं! बायकोला दाखवलं तर ती म्हणाली, "एवढंच? मला वाटलं जास्त असेल."

पण हा एकूण आकडा फार काही सांगत नाही असं माझं मत झालंय. तो मोजतो काय, तर स्क्रीन चालू आहे आणि कुठलं ॲप समोर आहे. तुम्ही पुण्याहून गावाकडं मॅप लावून आलात तर ते तीन तास स्क्रीन टाइममधे धरले जातात. व्हिडिओ कॉल पण आलाच. आमचे वडील सकाळी यूट्यूबवर काकड आरती लावून फोन देवापुढं ठेवतात आणि स्वतः अंघोळीला जातात, त्यांचा स्क्रीन टाइम माझ्यापेक्षा जास्त निघाला, आणि ते फोनकडं बघत सुद्धा नाहीत. उलट स्क्रीन बंद करून गाणी ऐकली तर ती यात येत नाहीत. तुमचं तर लेक्चर पण यूट्यूबवर आणि टाइमपास पण यूट्यूबवर, म्हणजे "यूट्यूब ४ तास" या आकड्याचा तुम्हाला उपयोग शून्य. घरच्यांशी भांडायला पण उपयोग नाही.

त्या गोलाच्या खाली बघा, दोन छोटे आकडे असतात, अनलॉक किती आणि नोटिफिकेशन किती. अनलॉकचा आकडा बघा. माझा पहिल्या आठवड्यात एक दिवस १६३ होता. जागं असतो सोळा तास धरा, म्हणजे दर सहा मिनिटाला एकदा मी फोन उघडतोय. गिऱ्हाईक समोर चिठ्ठी धरून उभं आणि माझी मान खाली, एका आजींनी तर काउंटरवर नाणं वाजवलं होतं टकटक. तेव्हा कळलं की आपली भानगड तासांची नाहीये, हात जातो ती आहे.

मग गोलावर दाबून आत जा, तिथं आठवड्याचे उभे बार दिसतात, वरती स्क्रीन टाइमच्या जागी "कितीवेळा उघडलं" असा पर्याय निवडता येतो. एखाद्या ॲपवर दाबलं की बऱ्याच फोनवर तासाप्रमाणं पण दाखवतं. हे दोन्ही आठवडाभर नुसतं बघा. काही बंद करू नका, टायमर लावू नका, नुसतं बघा आणि शक्य झालं तर कागदावर लिहा की फोन कशासाठी उचलला. मी औषधाच्या रिकाम्या खोक्यावर रेघा मारत होतो.

त्यातनं जे निघालं ते मला पण अपेक्षित नव्हतं. दुपारी अडीच ते चार यूट्यूबचा मोठा बार यायचा, मला वाटलं हाच चोर. पण त्या वेळेला दुकानात चिटपाखरू नसतं, बघितलं तर बघितलं, तो मी अजून तसाच ठेवलाय. सगळ्यात जास्त अनलॉक सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी, म्हणजे गर्दीच्या वेळी. का? तर गिऱ्हाईक स्कॅन करून म्हणणार "झालं बघा पेमेंट", मी आलं का बघायला फोन उघडणार, पैसे आलेले असायचे, पण त्याच्या शेजारी व्हॉट्सॲपवर चार मेसेज, मग एकाचं स्टेटस, मग तिथनं रील, आणि पुढचं गिऱ्हाईक ताटकळत.

यावर मी काय केलं तर कुठलं सेटिंग बदललं नाही. पेमेंट आल्यावर ओरडतो तो साउंडबॉक्स घेतला. बास. महिन्याचं थोडं भाडं जातं, पण पहिल्याच आठवड्यात रोजचे चाळीसेक अनलॉक कमी झाले. एवढा फरक मला कुठल्याच टायमरनं पडला नाही, आणि गंमत म्हणजे तो डबा काय फोन कमी वापरावा म्हणून बनवलेला नाहीये.

तुमच्या बाबतीत तो डबा कुठला ते तुम्हालाच शोधायला लागेल. मला अंदाज करायचा तर पहिलं मनगटावर साधं घड्याळ घाला. वेळ बघायला फोन उचलणं आणि वीस मिनिटांनी लक्षात येणं की वेळ बघायचीच राहिली, हे माझंही व्हायचं. दुसरं गजराचं घड्याळ, म्हणजे सकाळी डोळे उघडल्या उघडल्या फोन हातात येणार नाही. अभ्यासाला बसल्यावर शब्दाचा अर्थ, तारीख, कलम असलं बघायला फोन लागत असेल तर ते वहीत एका बाजूला लिहून ठेवायचं आणि तासाभरानं एकदम बघायचं.

आता टायमर वगैरे. लोक हेच विचारतात म्हणून सांगतो. डॅशबोर्डमधे, म्हणजे गोलावर दाबल्यावर जे पान उघडतं त्यात, प्रत्येक ॲपच्या पुढं वाळूच्या घड्याळाचं चिन्ह असतं, तिथं दिवसाची मर्यादा लावायची, समजा इन्स्टा ३० मिनिटं. वेळ संपत आली की सूचना देतं, संपली की ॲप बंद, आयकॉन करडा पडतो, आणि रात्री बारा वाजता परत मोकळं. भारी वाटतं ना. पण तिथंच जाऊन टायमर काढून टाकता येतो, पासवर्ड नाही काही नाही, दहा सेकंदाचं काम. मी पहिल्या आठवड्यात चार वेळा काढला. शिवाय रात्री बाराला मोकळं होतं याचा माझ्यावर उलटाच परिणाम झाला, पावणेबाराला संपला की मी पंधरा मिनिटं वाट बघत बसायचो, हसू नका.

इन्स्टासाठी खरा उपयोग झाला तो ॲप काढून टाकायचा. अकाउंट नाही, नुसतं ॲप. बघायचंच असेल तर क्रोममधनं लॉगिन करून बघतो, तिथं ते जरा अडखळत चालतं आणि दहा मिनिटात कंटाळा येतो, तो कंटाळाच पाहिजे होता. (आपल्याकडं हे रीलचं वेड आलं कधी आठवतंय का, २०२० च्या जूनमधे टिकटॉक बंद झालं, जुलैत इन्स्टानं रील्स आणलं आणि सप्टेंबरात यूट्यूबनं शॉर्ट्स इथंच आधी सुरू केलं. जागा रिकामी ठेवलीच नाही कुणी.)

यूट्यूब तुम्हाला काढता येणार नाही, लेक्चर आहेत. तिथं माझ्या भाच्यानं जे केलं ते सांगतो, तो पण तुमच्यासारखाच परीक्षा देतोय. त्यानं यूट्यूबची वॉच हिस्टरी, म्हणजे काय काय बघितलं त्याची नोंद, बंद केली आणि आधीची पुसून टाकली. असं केलं की उघडल्यावर समोरचं पान रिकामं येतं, सुचवलेलं काही नाही, जे पाहिजे ते नावानं शोधायचं नाहीतर सबस्क्राइब केलेल्यातनं घ्यायचं. लेक्चर शोधणाऱ्याला काही अडचण नाही, टाइमपास करणाऱ्याला मात्र सुचत नाही काय शोधावं. ऑटोप्ले पण बंद करा. अलीकडं यूट्यूबच्या सेटिंगमधे शॉर्ट्सना वेगळी रोजची मर्यादा लावायची सोय आलीये, लेक्चरला धक्का लागत नाही म्हणून लावून ठेवा, पण ती पण बाजूला सारता येते, भरवसा ठेवू नका. रेडमी-पोको असेल आणि त्यात सेकंड स्पेस, म्हणजे एकाच फोनमधे दुसरा वेगळा कप्पा, असेल तर भाचा म्हणतो त्यात फक्त लेक्चर आणि पीडीएफ ठेवायचं, ते मी स्वतः वापरलेलं नाही.

डिजिटल वेलबीइंगमधलाच फोकस मोड मला टायमरपेक्षा बरा वाटला. ठराविक ॲप निवडायची, ठराविक वेळ लावायची, तेवढ्या वेळात ती उघडत नाहीत आणि त्यांचे मेसेज पण टपकत नाहीत. मधे ब्रेक घ्यायचा झाला तर ५, १५ किंवा ३० मिनिटाचा घेता येतो आणि मग आपोआप परत चालू होतो, म्हणजे नियम मोडला तरी पूर्ण मोडत नाही. अभ्यासाच्या वेळा ठरलेल्या असतील तर हेच लावा.

बेडटाइम मोड पण आहे, ठरवलेल्या वेळेला स्क्रीन काळीपांढरी होते. रात्रीच्या रीलवर जालीम उपाय आहे, रंग गेले की आवळा सरबतातलं मीठ गेल्यासारखं होतं. मला मात्र एकदा अडचण झाली, रात्री साडेदहाला एकानं गोळ्यांच्या पट्टीचा फोटो पाठवला, "हीच गुलाबी गोळी आहे का तुमच्याकडं", आणि मला गुलाबी पण करडी दिसतीये आणि पट्टीवरची लाल रेघ पण करडी. अर्धा मिनिट डोळे चोळले मी. आता साडेअकरानंतर लावलाय.

एक अजून, एकट्यानं करण्यापेक्षा रूममेट नाहीतर अभ्यासिकेतल्या दोघातिघांना घ्या बरोबर. आमच्या शेजारी सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, तिथं २०२२ पासून गावानं ठरवून संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला सुरुवात केली, भोंगा झाला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला. बातम्यांत बरंच आलं होतं त्यावेळी. ते जमलं कारण सात वाजता शेजारच्याचा पण बंद होता, कुणी काही पाठवणारच नाही तर बघायचं काय.

माझे आत्ताचे आकडे सांगतो म्हणजे फुगवून सांगतोय असं वाटायला नको. काल ३ तास २० मिनिटं, अनलॉक ७१. तीन तास पण जास्तच म्हणाल, पण त्यातले दीड तास दुपारचे आहेत आणि काही व्हॉट्सॲपवर येणाऱ्या चिठ्ठ्यांचे, ते धंद्याचे. नाणं वाजवावं लागत नाही आता कुणाला. बहुतेक वेळा.

टेलिग्रामचं तुम्ही खाली कॉमेंटमधे विचारलंय, की चालू घडामोडींचे पंधरा-वीस ग्रुप आहेत आणि सोडले तर काहीतरी सुटेल अशी भीती वाटते. डॅशबोर्डमधे "नोटिफिकेशन किती आले" हा पर्याय लावून टेलिग्रामचा आकडा बघा आणि मग आठवा की त्यातनं काल वहीत काय उतरवलं. सगळे म्यूट करा, सोडू नका, रोज रात्री जेवणानंतर एकदा उघडा. दोन आठवड्यात जे ग्रुप एकदाही उघडले नाहीत ते मग सोडा. भाच्याचे तीन उरले.