अँजिओग्राफी नॉर्मल आली तरी आईच्या छातीत दुखतं, हे हृदयाचंच असू शकतं का?

हो, असू शकतं. तुम्ही लिहिलंय त्यानुसार आईंचं वय 56, बरीच वर्षं डायबेटिस, इंदूरच्या राजवाड्याजवळच्या जुन्या घराचा जिना चढल्या की छाती भरून येते, टीएमटी (पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) पॉझिटिव्ह, अँजिओग्राफीत ब्लॉकेज नाही आणि "गॅसचं आहे, टेन्शन घेऊ नका" असं सांगून घरी पाठवलंय. अशा वेळी हृदयाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा बिघाड, म्हणजे मायक्रोव्हॅस्क्युलर अँजायना, ही शक्यता आधी तपासायला हवी. टीएमटी "खोटी पॉझिटिव्ह" ठरवून विषय बंद करणं मला अजिबात पटत नाही.

अँजिओग्राफीत दिसतात त्या हृदयाच्या वरून जाणाऱ्या मोठ्या धमन्या. साधारण अर्ध्या मिलिमीटरहून बारीक वाहिनी त्यात दिसतच नाही, आणि स्नायूला किती रक्त मिळायचं ते ठरतं मुख्यतः या बारीक वाहिन्यांवर. जलूदहून इंदूरला येणारी नर्मदेच्या पाण्याची मोठी लाइन भरून वाहत असली तरी गल्लीतली जोडणी चोंदली की नळाला धार येत नाही, तसंच हे. निरोगी माणसाने मेहनत केली की या वाहिन्या रुंदावतात आणि रक्तप्रवाह तिप्पट-चौपट होऊ शकतो. डायबेटिस, बीपी, तंबाखू आणि पाळी गेल्यानंतरचे बदल यांमुळे त्यांचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड कमी बनवतं, मग वाहिनी हवी तेवढी सैलावत नाही. काहींच्या वाहिन्यांची भिंतच जाड होते. काहींना बसल्या जागी स्पॅझम येतो, म्हणजे वाहिनी अचानक आकसते. यातलं नेमकं काय आहे यावर औषध ठरतं, म्हणून "ब्लॉकेज नाही" एवढ्यावर थांबू नका.

या आजारात जिना संपवून बसल्यावरही दुखणं दहा-पंधरा मिनिटं रेंगाळतं आणि कधी दुखण्यापेक्षा धापच जास्त लागते. जिभेखाली ठेवायच्या सॉर्बिट्रेटच्या गोळीने लगेच आराम पडत नाही, हेही नेहमीचं. त्यामुळे "सॉर्बिट्रेटने थांबलं नाही, म्हणजे हृदयाचं नाही" हा निष्कर्ष इथे चुकतो.

आधी सोप्या गोष्टी उरकून घ्या: हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि नीट केलेला इको (हृदयाची सोनोग्राफी). रक्त कमी असेल, थायरॉइड बिघडलेलं असेल, महाधमनीची झडप अरुंद किंवा स्नायू जाड असेल, तरी असंच दुखतं.

मग अँजिओग्राफीची सीडी घेऊन हृदयरोगतज्ज्ञांकडे जा. नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही. अँजिओग्राफीत सोडलेला डाय (रंग) डाव्या पुढच्या धमनीच्या (एलएडीच्या) टोकापर्यंत पोचायला किती फ्रेम लागल्या, ते मोजायला सांगा. सेकंदाला 30 फ्रेमच्या हिशेबाने मोजून, एलएडी लांब असल्यामुळे आकड्याला 1.7 ने भागतात. उत्तर 27 च्या वर गेलं तर प्रवाह मंद आहे. सेकंदाला 15 फ्रेमने शूटिंग झालं असेल तर आकडा आधी दुप्पट करावा लागतो. हे राहून गेलं की मंद प्रवाहसुद्धा नॉर्मल वाटतो. मात्र मोजणी नॉर्मल आली म्हणून आजार नाही असं ठरत नाही.

पक्कं निदान होतं ते कॅथ लॅबमध्ये (अँजिओग्राफी होते तिथे) धमनीत प्रेशर वायर, म्हणजे दाब मोजणारी बारीक तार, टाकून. शिरेतून बारीक वाहिन्या रुंदावणारं अ‍ॅडेनोसिन देतात, दर किलो वजनाला मिनिटाला 140 मायक्रोग्रॅम. प्रवाह किती पटीने वाढला ते सीएफआर सांगतो: 2 च्या खाली असेल तर बिघाड नक्की, 2 ते 2.5 म्हणजे संशयाची जागा. बारीक वाहिन्यांचा अडथळा आयएमआरवरून कळतो. 25 किंवा जास्त असेल तर तो वाढलेला आहे. अ‍ॅडेनोसिन चालू असताना छाती दाटते, चेहरा लाल होतो; बंद केलं की लवकरच उतरतं. आईंना दमा असेल तर आधीच सांगा. स्पॅझमचा संशय असेल तर धमनीत अ‍ॅसिटिलकोलीन चढत्या डोसने देऊन वाहिनी आकसते का ते बघतात. पुन्हा कॅथ नको असेल तर अ‍ॅडेनोसिन देऊन इको-डॉप्लरने एलएडीचा प्रवाह मोजता येतो, किंवा स्ट्रेस एमआरआय करता येतो. इंदूरमध्ये ज्या हॉस्पिटलात जाल तिथे आधी फोन करून "सीएफआर-आयएमआर करता का?" असंच विचारा, नसेल तर अहमदाबाद-मुंबईच्या मोठ्या केंद्रांत चौकशी करा.

ही तपासणी सर्वांत जास्त फसते ती चहामुळे. कॅफीन अ‍ॅडेनोसिनचा परिणाम अडवतं, म्हणून 24 तास आधीपासून चहा, कॉफी, कोला, चॉकलेट बंद. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफीन असतं. दम्याची थिओफिलीनची गोळीही तसाच घोळ करते. ती कधी थांबवायची ते डॉक्टरच सांगतील.

सीएफआर कमी असेल तर सहसा बीटा ब्लॉकरपासून सुरुवात होते, उदाहरणार्थ नेबिव्होलॉल 2.5 ते 5 मि.ग्रॅ. स्पॅझम असेल तर कॅल्शियम चॅनल ब्लॉकर: डिल्टियाझेम किंवा अ‍ॅम्लोडिपिन. डिल्टियाझेम आणि बीटा ब्लॉकर एकत्र घेतले तर नाडी धोकादायक इतकी मंदावू शकते, म्हणून दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या असतील तर एकाच डॉक्टरांना दोन्ही दाखवा. दुखणं तरी राहिलं तर रॅनोलॅझिन 500 मि.ग्रॅ. दोनदा. त्याने बद्धकोष्ठ होतं, आणि डोस 1000 दोनदा झाला तर डायबेटिसचं मेटफॉर्मिन दिवसाला 1700 मि.ग्रॅ.च्या वर जायला नको; आईंच्या बाबतीत हे विसरू नका. निकोरँडिल हे दुसरं औषध दिलं तर त्याने डोकं दुखतं, तोंडात फोड येऊ शकतात. स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) आणि बीपीसाठी एसीई इनहिबिटर हे अस्तर सुधारायला मदत करतात, दुखणं कमी झालं म्हणून ते बंद करायचे नाहीत. 2018 च्या कॉरमिका अभ्यासात, तपासणी करून प्रकारानुसार औषध दिलेल्या रुग्णांचं अँजायना सहा महिन्यांत नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त कमी झालं. म्हणूनच तपासणीचा एवढा आग्रह धरतोय.

चालणं बंद करू नका. आधी दहा मिनिटं अगदी हळू, मग वेग. आठवड्यातून पाच दिवस, अर्ध्या तासापर्यंत वाढवत. जिन्यात मधल्या पायरीवर थांबायची सवय लावा. पोह्यांवरची सेव आणि नमकीन बीपीसाठी कमी करावं लागेल, इंदूरकरांना कितीही जड गेलं तरी.

बसल्या जागी दुखायला लागलं तर आईंना बसवूनच डॉक्टरांनी लिहिलेली सॉर्बिट्रेट 5 मि.ग्रॅ. जिभेखाली द्या. पाच मिनिटांत उतरलं नाही, किंवा घाम फुटला, तर 108 लावा आणि ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या. "मागची अँजिओग्राफी नॉर्मल होती" म्हणून वाट बघत बसू नका. या आजारातही हार्ट अटॅक येऊ शकतो.